तिशीच्या आत हाडांची घनता कमी आली, तर शेतातलं काम सोडायचं का?

काळीकसदार
यवतमाळ जिल्हा, कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. वहिनीचा डेक्साचा (हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनचा) रिपोर्ट आला आहे, तो जसाच्या तसा देतो.

वय २८, उंची १४६ सेंमी, वजन ३९ किलो. कंबरेचा मणका टी-स्कोर −२.६, झेड-स्कोर −२.४. खुबा झेड −१.६. हाड कधी मोडलेलं नाही. पाठ आणि मांड्या ठणकतात, उकिडवं बसलं की उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. पाळी मागेपुढे होते. मूल चार वर्षांचं.

चिठ्ठीवर 'ऑस्टिओपोरोसिस' (हाडं विरळ, ठिसूळ होणं) लिहिलंय, आठवड्याला एक घ्यायची गोळी दिली आहे, आणि तोंडी सांगितलंय की वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. दसऱ्यानंतर वेचणी सुरू होते. न वाकता, न उचलता आमच्याकडे फक्त सरपंच राहू शकतो.

विचारायचं इतकंच: काम खरंच बंद करायचं का? गोळी लगेच सुरू करायची का? आणि कोणत्या तपासण्या तालुक्याला होतात, कोणत्यांसाठी नागपूर गाठावं लागतं? 'काळजी घ्या, देव आहे' छाप उत्तरं नकोत, कृपया.

सावजी_झणझणीत
सरपंचालाही वाकावं लागतं भाऊ, आमदार आल्यावर.

हाडवैद्य_नाही
आधी रिपोर्ट नीट वाचू.

टी-स्कोर म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या सरासरीशी तुलना. −२.५ आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी आखली. नंतर ती पन्नाशीपुढच्या पुरुषांनाही लावली गेली. २८ व्या वर्षी ती लावत नाहीत. पाळी चालू असलेल्या स्त्रीचा आणि पन्नाशीच्या आतल्या पुरुषाचा झेड-स्कोर, म्हणजे त्याच वयाच्या माणसांशी तुलना, बघतात. तो −२.० किंवा त्याखाली असेल तर रिपोर्टात 'वयाच्या मानानं घनता कमी' एवढंच लिहायचं असतं. निव्वळ आकड्यावरून ऑस्टिओपोरोसिस हे नाव या वयात देत नाहीत. त्यासाठी किरकोळ पडण्यानं मोडलेलं हाड किंवा घनता खाणारं ठाम कारण लागतं.

दुसरं, उंची १४६. डेक्सा एका चौरस सेंटीमीटरमागे किती खनिज आहे ते मोजतं, हाडाची जाडी त्याला दिसत नाही. लहान चणीच्या माणसाचा मणकाच लहान, म्हणून चांगलं हाडही आकड्यात कमी दिसतं. −२.४ मधला काही भाग उंचीचाच असणार. सगळा नव्हे.

तिसरं, तुलना कोणाशी केली ते रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१० मध्ये भारतीयांसाठी वेगळे संदर्भ आकडे काढले, पण बऱ्याच मशीनवर गोऱ्या लोकांचेच भरलेले असतात.

आणि चित्र बघा. एल-१ ते एल-४ हे कंबरेचे मणके सरळ दिसतात का? परकराचा हूक किंवा सेफ्टी पिन मध्ये आली आहे का? त्या सकाळी कॅल्शियमची गोळी घेतली असेल तर न विरघळलेली गोळी मणक्यावर उमटते आणि आकडा खोटा वर जातो, म्हणून आदल्या दिवसापासून ती बंद ठेवतात.

गटप्रवर्तक
@हाडवैद्य_नाही, शिबिरात पाय ठेवायचं जे मशीन आणतात, तेही हेच का? दर शिबिरात निम्म्या बाया 'हाडं ठिसूळ' म्हणून रडवेल्या होऊन घरी जातात.

हाडवैद्य_नाही
नाही. ते टाचेचं अल्ट्रासाउंड. पुढे तपासायला कोणाला पाठवावं याचा अंदाज येतो, बस. टाच थंड असली, जेल कमी पडली, पाय वाकडा ठेवला तरी आकडा हलतो. त्यावर औषध सुरू करू नये, आणि 'नॉर्मल' आलं म्हणून निर्धास्तही होऊ नये. साध्या एक्स-रेवर हाड विरळ दिसायलाही साधारण ३० टक्के खनिज आधीच गेलेलं असावं लागतं.

लॅब_तालुका
मूळ पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांनी ओलांडलं: उकिडवं बसून उठताना हात टेकावा लागतो, मांड्या ठणकतात.

घनता कमी असणं एवढ्यानं काही दुखत नाही. हाड मोडेपर्यंत ती मुकी असते. २८ व्या वर्षी मांड्या, खुबा, बरगड्या दाबल्यावर दुखत असतील आणि उठताना मांडीत जोर नसेल, तर आधी ऑस्टिओमलेशियाचा विचार करायचा. यात हाडाचा सांगाडा बनतो, पण त्यात खनिज नीट भरलं जात नाही, कारण बहुतेक वेळा ड जीवनसत्त्वाची खोल कमतरता. डेक्साला दोन्ही सारखेच दिसतात. उपचार मात्र वेगळे.

हे ओळखायला नागपूर लागत नाही. सीरम कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हे सगळं तालुक्याच्या लॅबमध्ये त्याच दिवशी होतं. अल्कलाइन फॉस्फेटेज चढलेलं आणि फॉस्फरस उतरलेला, म्हणजे संशय पक्का. कॅल्शियम नॉर्मल दिसलं तरी फसू नका, शरीर ते हाडातून काढून रक्तात टिकवतं. अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियम दुरुस्त करून वाचायचं: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ नं गुणा, आलेल्या कॅल्शियममध्ये मिळवा. उदा. कॅल्शियम ८.२, अल्ब्युमिन ३, तर खरं ९.०.

२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम टिकवणारं हार्मोन) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) यांचे नमुने आम्ही बाहेर पाठवतो, दोन-तीन दिवसांत रिपोर्ट येतो. पीटीएचचं रक्त गोळा केल्यावर लवकर वेगळं करून थंड ठेवावं लागतं. दुपारी देऊन संध्याकाळच्या एसटीनं जाणार असेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, सकाळीच द्या.

सिलिअॅकसाठी (गव्हामुळे आतडं बिघडण्याचा आजार) टीटीजी-आयजीए, सोबत एकूण आयजीए. आयजीएच कमी असेल तर पहिली चाचणी खोटी नकारात्मक येते. रक्त देण्याआधी गहू सोडू नका, सोडला तर चाचणी निरुपयोगी. रेशनच्या गव्हामुळे ज्वारीच्या पट्ट्यातही आता दोन्ही वेळ पोळीच असते, म्हणून 'आपल्याकडे हा आजार नाही' असं धरून चालू नका.

औषधी_दुकान
@लॅब_तालुका बरोबर. आणि म्हणूनच ती आठवड्याची गोळी सध्या थांबवायला डॉक्टरांना विचारा. ती बहुधा बिसफॉस्फोनेट, म्हणजे हाडाची झीज रोखणारं औषध. ड जीवनसत्त्व तळाला असताना ते दिलं तर हाडातून कॅल्शियम सुटणं बंद होतं आणि रक्तातलं कॅल्शियम कोसळू शकतं. ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडणं, पायात गोळे ही त्याची चिन्हं. ते औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे पुढे मूल हवं असलेल्या बाईला हाड मोडलेलं नसताना सहसा देत नाहीत.

खर्रामुक्त
इतकी खटपट कायले? गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा म्हणतात ना लोक. आमच्या गावात तं तंबाखू-सुपारी-चुन्याच्या खर्ऱ्यातूनच कोटा पूर्ण होते. सगळ्यायची हाडं लोखंडाची पाहिजे मंग.

सावजी_झणझणीत
हाडं लोखंडाची हायेत, फक्त तोंड उघडत नाई.

हाडवैद्य_नाही
हिशेब करू. गव्हाच्या दाण्याएवढा ओला चुना साधारण ५०-६० मिलिग्रॅम, त्यात निम्मं पाणी. उरलेल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये ५४ टक्के कॅल्शियम. हाती आले १५ मिलिग्रॅम. तेवढं मोठ्या चमचाभर दुधात असतं. दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम. ती चुन्यानं भागवायला जाल तर अन्ननलिका भाजेल, आणि चुना रोज भरपूर पोटात गेला तर रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडं बसतात.

खर्ऱ्याची गंमत वाटते, पण तंबाखू नवं हाड बनणंच मंदावते. आणि ते बिसफॉस्फोनेट कधी घ्यायची वेळ आलीच, तर आधी दात-हिरड्या तपासून घ्याव्या लागतात, कारण या औषधांवर असताना दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. खर्रा खाणाऱ्याचे दात कसे असतात ते सांगायला नको.

धानपट्टा
गोंदियाकडून. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात तरुण माणसाची घनता कमी आली, की सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. साधी सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करून वाहक (एएस) की रुग्ण (एसएस) ते ठरतं. रुग्णात रक्त बनवण्याची घाई असते, मज्जा पसरते, हाडाची भिंत आतून पातळ होते. शिवाय हाडाचा रक्तपुरवठा तुटून तुकडा मरतो. यात मांडीच्या हाडाचं डोकं सगळ्यात आधी जातं.

जांघेत दुखून लंगडत चालणं हे 'घनता कमी आहे म्हणून' असं समजून सोडू नका. खुब्याचा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येतो, संशय असेल तर एमआरआय. वाहकाला मात्र हे सहसा होत नाही. वाहक असेल तर कमी घनतेचं कारण दुसरीकडेच शोधा.

पांढरकवडेकर
यवतमाळ म्हणालात म्हणून पाण्याचं विचारतो. केळापूर, झरी जामणी, तिकडे चंद्रपुरातलं वरोरा-भद्रावती, या भागातल्या काही हातपंपांना फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरं पाणी नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात.

याचा डेक्साशी उलटा संबंध आहे. फ्लोराइड साचलेला मणका दाट दिसतो, आकडा चांगला येतो, पण हाड कडक आणि ठिसूळ असतं. म्हणजे एका घरात सासूचा आकडा +१ आणि सुनेचा −२.४ आला, तर सासूचं हाड मजबूत असं नाही. मान वळत नाही, कंबर वाकत नाही, मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, हे दिसलं की पाणी तपासा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होतं. प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत लिटरभर द्या, काचेची नको. ज्या पंपाचं पाणी पिता त्याचंच द्या. शेजारच्या पंपाचा आकडा तुमच्या कामाचा नाही, पन्नास हातांवर बदलतो. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटून वाढतं. आरओनं जातं.

खारपाण
अकोला-बुलडाण्याकडच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात क्रिएटिनिन विसरू नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर ड जीवनसत्त्व सक्रिय रूपात बदलत नाही, आणि नेहमीचे कॅल्शियम-डीचे डोस स्वतःच्या मनानं घेणं महागात पडतं.

ठेचाभाकर
खाण्याकडे या जरा. १४६ सेंमीला ३९ किलो म्हणजे बीएमआय १८.३. अंगावर वजनच नाही तर हाडाला वाढायचं कारण नाही. पाळी मागेपुढे होण्याचंही हे एक कारण असू शकतं. आधी ४२-४३ किलोवर या.

कॅल्शियमचं गणित, म्हैस न दुभणाऱ्या घरासाठी: ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ३० मिलिग्रॅमही नाही, तांदळात त्याहून कमी. तीन भाकरी आणि ठेच्यावर दिवस काढला तर शंभरीही गाठत नाही. पाव लिटर दूध किंवा तेवढ्याच दुधाचं दही ३००. दोन मोठे चमचे तीळ (२० ग्रॅम) कुटून भाजीत किंवा चटणीत, २००-२५०. अख्खे तीळ चावले जात नाहीत, तसेच बाहेर पडतात. शेवग्याचा पाला १०० ग्रॅम ३००. हा झाडावर फुकट आहे आणि आपण शेंगा खाऊन पाला शेळीला घालतो. तुरीचं वरण दोन वाट्या, जवसाची चटणी, बाकीचं त्यातून. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेटमध्ये अडकतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

ताकाचं सांगून ठेवतो: वाटीभर दह्यात तांब्याभर पाणी घातलं तरी कॅल्शियम वाटीभर दह्याचंच.

प्रथिनं किलोमागे एक ग्रॅम तरी हवीत, म्हणजे इथं ४० ग्रॅम. पाटोडी, उसळ, अंडी. घरात बाई शेवटी जेवते आणि वरणाच्या तळाचं पाणी तिच्या ताटात येतं, हे डेक्साच्या कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं.

सावजी_झणझणीत
पाटोडीचा रस्सा चालेल का? हाडांसाठी विचारतोय, जिभेसाठी नाही.

ठेचाभाकर
चालेल, खसखस घाला वाटणात. कॅल्शियम तिळाच्या तोडीचं. खिशाला परवडलं तर.

गटप्रवर्तक
बाईच्या बाबतीत तीन प्रश्न मी आधी विचारते, चिठ्ठ्यांमध्ये ते सापडत नाहीत.

एक, पिशवी काढली आहे का, आणि काढली असेल तर सोबत अंडाशयं काढली का? बाईला 'पिशवी काढली' इतकंच माहीत असतं. डिस्चार्ज कार्ड शोधा, त्यात दोन्ही बाजूंची अंडाशयं काढल्याची नोंद असते. तिशीत ती गेली असतील तर पाळी जाण्याचं वय बरीच वर्षं अलीकडे आलं, आणि मग कॅल्शियमच्या गोळ्यांनी भागत नाही. नैसर्गिकरीत्या पाळी जाते त्या वयापर्यंत हार्मोन देण्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलावं लागतं.

दोन, अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन चालू आहे का? २०१७ पासून सरकारी केंद्रात मिळतं, दर तीन महिन्यांनी. ते चालू असताना घनता थोडी घटते, बंद केल्यावर बरीचशी भरून येते. म्हणून घाबरून मध्येच सोडू नका. नको असलेलं बाळंतपण हाडाला त्याहून महाग आहे. पण रिपोर्ट −२.४ असेल तर दुसरं साधन निवडण्याबद्दल बोलायला हवं.

तीन, पुड्या. दम्याला किंवा सांधेदुखीला 'जडीबुटी'ची पुडी घेतली की दोन दिवसांत आराम पडतो, चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उमटतात. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम तीन महिने गेलं तरी हाड पोखरतं. पण महिनोन्महिने घेतलेली पुडी एका दिवसात बंद करू नका, रक्तदाब कोसळून जीवावर बेततं. पुडी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा, डोस उतरवत आणतात.

फिटची गोळी (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन) चालू असेल तर तीही सांगा. ती ड जीवनसत्त्व लवकर संपवते. पण स्वतः बंद करायची नाही.

वऱ्हाडी_पावसाळा
एवढ्या उन्हात राबणाऱ्या बाईला ड जीवनसत्त्व कमी? विदर्भात? हे काही पटत नाही.

लॅब_तालुका
ऊन भरपूर, कातडी कुठे दिसते? वेचणीला घरधन्याचा फुल शर्ट, डोक्यावर दुपट्टा, तोंडाला बांधलेलं, हातात मोजे. उरलेलं चुलीजवळ.

साधी खूण: सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाच कातडीत ड जीवनसत्त्व चांगलं बनतं. आपल्याकडे मे महिन्यात ही अट सकाळी नऊला पूर्ण होते, त्यामुळे ४६ अंशात दुपारी बसायची गरज नाही. डिसेंबरात भर बारालाच सावली कशीबशी आपल्याएवढी होते, म्हणून हिवाळ्यात अकरा ते एक. कोपरापर्यंत हात आणि पोटऱ्या उघड्या, १५ ते ३० मिनिटं, रंग सावळा तसा वेळ जास्त. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन मोजू नका. आणि पातळी दहाच्या खाली असेल तर नुसत्या उन्हानं भरायला फार वेळ लागतो, औषधच लागतं.

अण्णा_मेहकर
६ लाखांचं एकच इंजेक्शन ठोकायचं, झंझट मिटते. आमच्याकडे सगळे हेच घेतात.

औषधी_दुकान
अण्णा, नम्र विरोध. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचा निकाल आला. वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले, तर पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं. इंजेक्शन स्नायूतून हळूहळू आणि बेभरवशाचं शोषलं जातं, आणि चढलेलं परत काढता येत नाही. आतड्याचा आजार असेल तर गोष्ट वेगळी.

नेहमीची पद्धत ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, मग महिन्यातून एकदा. घोटाळा इथंच होतो. 'आठवड्याला' हे चिठ्ठीवर नीट लिहिलेलं नसतं, माणूस रोज एक खातो. मग उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी लघवी, मूतखडा. कॅलेंडरवर वार ठरवून खूण करा. बाजाराचा वार धरला तर चुकत नाही.

कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत खरं कॅल्शियम ५००. ते जेवणासोबत घ्यायचं, उपाशीपोटी नाही. एका वेळी ५०० च्या वर नीट शोषलं जात नाही, म्हणून सकाळ-रात्र वाटून. लोहाची गोळी त्यापासून दोन तास लांब, थायरॉइडची चार तास. आपल्याकडे बाया लोह आणि कॅल्शियम एकाच घोटात घेतात आणि लोह नीट अंगी लागत नाही. अॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर कार्बोनेटऐवजी सायट्रेट मागा.

अण्णा_मेहकर
बरं बाप्पा, पुडी तं पुडी. पण ती जडीबुटीवाली नाई, येवढं समजलं.

कंबरडं
फिजिओथेरपीच्या बाजूनं मूळ प्रश्नावर येतो, कारण तो राहूनच गेला. काम बंद करायचं का?

नाही. सरसकट बंद तर नाहीच. खाटेवर पडलं की हाड विरघळायला लागतं. पण आधी पाठीच्या मणक्यांचा बाजूनं काढलेला एक्स-रे, छातीचे आणि कंबरेचे दोन्ही. उपजिल्हा रुग्णालयात होतो. एखादा मणका पुढून चेपलेला असेल तर पुढचं सगळं बदलतं. त्याच वेळी खुबा आणि मांडीचाही काढून घ्या, ऑस्टिओमलेशियात मांडीच्या हाडाला आडवी चीर दिसते. ती असेल तर ओझं पूर्ण बंद, भरून येईपर्यंत.

मणके शाबूत धरून चालू. मणक्याला घातक काय, तर वाकलेली पाठ आणि हातात वजन, त्यातही झटक्यानं किंवा वळत. नुसतं वजन तितकं नाही, नुसतं वाकणंही तितकं नाही.

वेचणी: वरची बोंडं उभ्यानं. खालच्या बोंडांसाठी कंबरेतून न वाकता एक गुडघा जमिनीला टेकवा, दर तासाला पाय बदला. ओटीत एकाच बाजूला कापूस साठला की पाठ तिकडे ओढली जाते. तीन-चार किलो झाले की धुऱ्यावर रिकामी करा. गाठोडं डोक्यावर दुसऱ्यानं चढवून द्यायचं, जमिनीवरून एकटीनं उचलून डोक्यापर्यंत नेण्यातच पाठ वाकून वळते.

निंदण: उकिडवं बसून सरकत केलेलं बरं, पाय ताठ ठेवून ओणवं केलेलं वाईट. सध्या मांडीत जोर नाही म्हणून लाकडी पाटावर बसून. लांब दांड्याचं, चाकाचं हातकोळपं मिळालं तर त्याहून उत्तम.

फवारणी: १६ लिटरचा पंप भरला की पाण्याचेच १६ किलो, वर पंपाचे चार-पाच. ३९ किलोच्या अंगावर अर्ध्याहून जास्त वजन, तेही ढेकळांतून चालत. हे काम दुसऱ्यानं करावं. नाइलाज असेल तर आठ लिटर भरा आणि पंप ओट्यावर किंवा बैलगाडीच्या साट्यावर ठेवून तिथूनच पट्टे अडकवा.

पोतं ५० किलोचं एकटीनं नाही, कधीच नाही. हंडा डोक्यावर सरळ पाठीनं चालेल, पण विहिरीच्या निसरड्या काठावर पडण्याची भीती वजनापेक्षा मोठी. दोन लहान कळशा करा, चप्पल बदला.

धानपट्टा
आमच्या भाताच्या रोवणीचं काय? दिवसभर ओणवंच.

कंबरडं
रोवणी सगळ्यात वाईट. पऱ्ह्यांच्या पेंढ्या पोचवणं, बांधावरची कामं तिच्याकडे द्या. रोवायचंच असेल तर अर्ध्या तासानं बांधावर येऊन हात कमरेवर ठेवून मागे झुकायचं, दहा वेळा.

वऱ्हाडी_पावसाळा
दिवसभर राबणाऱ्याला वर व्यायाम कशाला सांगता पण? तो शहरातल्या लोकांचा शौक.

कंबरडं
रास्त शंका. हाड वेगळ्या, झटपट, थोडक्या माऱ्याला वाढून उत्तर देतं. तासन्‌तास एकाच संथ हालचालीला नाही. आठ तास ओणवं राहून स्नायू थकतो, हाडाला नवं काही कळत नाही.

ड जीवनसत्त्व भरून आल्यावर, ठणका गेल्यावर, आठवड्यातून तीन दिवस, पंधरा मिनिटं पुरतात. ओट्याच्या पायरीवर चढ-उतर प्रत्येक पायानं पंधरा. भिंतीला हात लावून टाचा उचलून धपकन खाली, वीस. खुर्चीवरून हात न लावता उठणं दहा. पालथं झोपून छाती चार बोटं उचलणं, पाच मोजेपर्यंत, आठ वेळा. महिन्यानं हातात लिटरभर पाण्याची बाटली. पायाच्या अंगठ्याला हात लावणं आणि उताणं झोपून पोटाच्या जोरावर उठून बसणं (सिट-अप) वगळा, ओणवं तिचं शेतात पुरेसं होतंच.

उचलल्यावर मणक्याच्या मधोमध एकाएकी कळ आली आणि बसल्या-उभ्यानं वाढते, आडवं पडल्यावर कमी होते, तर मालिश नाही. एक्स-रे.

काळीकसदार
सर्वांचे आभार, सगळं छापून वहीत लावलंय. तालुक्याच्या लॅबचे आकडे आले: कॅल्शियम ८.४, अल्ब्युमिन ३.९, फॉस्फरस २.१, अल्कलाइन फॉस्फेटेज ३१०, क्रिएटिनिन ०.६. ड जीवनसत्त्व ७. पीटीएच चढलेलं. टीएसएच, टीटीजी, आयजीए नॉर्मल, सोल्युबिलिटी निगेटिव्ह. एक्स-रेत मणके ठीक, मांडीला चीर नाही. पाण्यात फ्लोराइड ०.८. डॉक्टरांनी आठवड्याची गोळी थांबवली, ऑस्टिओमलेशिया म्हणाले. ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याला एक, कॅल्शियम दोन वेळा.

आता प्रश्न: पुडी दुधात की पाण्यात? रक्त परत कधी? डेक्सा परत कधी? नागपूरच्या सेंटरवाल्यानं तीन महिन्यांनी यायला सांगितलंय.

लॅब_तालुका
चित्र सरळ जुळतंय. कॅल्शियम आणि फॉस्फरस महिन्यानं, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि ड जीवनसत्त्व तीन महिन्यांनी. अल्कलाइन फॉस्फेटेज सुरुवातीला आणखी चढलं तर घाबरू नका, हाड भरायला लागलं की तसं होतं, ते उतरायला काही महिने लागतात. ठणका आणि उठताना हात टेकणं त्याआधीच कमी व्हायला हवं. औषध नीट घेऊनही तीन महिन्यांत फॉस्फरस हललाच नाही, तर मूत्रपिंडातून फॉस्फेट गळण्याचे आजार तपासायला वरच्या दवाखान्यात जा. त्यात नुसत्या पुड्या उपयोगाच्या नाहीत.

औषधी_दुकान
पुडी दुधात, दुपारच्या पोटभर जेवणानंतर. तेला-तुपासोबत शोषली जाते. साय काढू नका. लोहाची गोळी चालू असेल तर ती झोपताना, रात्रीच्या कॅल्शियमनंतर दोन तास सोडून.

हाडवैद्य_नाही
तीन महिन्यांनी डेक्सा नको, पैसे वाया. मशीनची स्वतःचीच चूक एक-दोन टक्के, म्हणून दोन रिपोर्टांमधला तीन ते पाच टक्क्यांच्या आतला फरक खरा की मशीनचा ते ठरत नाही. वर्षानं करा, त्याच सेंटरला, त्याच मशीनवर. दोन कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. जाण्याआधी फोन करून मशीन तेच आहे का ते विचारा. आणि या वेळी झेड-स्कोर बाजूला ठेवून चौरस सेंटीमीटरमागे ग्रॅमचा जो आकडा असतो, तो आधीच्या रिपोर्टाशी ताडून बघा. ऑस्टिओमलेशियात खनिज परत भरलं की तो चांगला वर येतो.

सावजी_झणझणीत
अर्धं तिकीट आहे एसटीत बाईमाणसाला, वहिनीला एकटीलाच पाठवा. तोवर तुम्ही वेचणीला लागा. एक गुडघा टेकवून.